आऊ, पैठणची

१९६६च्या १ मे रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावात, डायना पॅक्सन या पुढे लेखिका झालेल्या तरुणीच्या घरामागच्या अंगणात काही मंडळी मध्ययुगीन कपडे घालून जमली आणि ढाल-तलवारीने लुटुपुटीची लढाई खेळली. त्या एका दुपारीतून ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनाक्रोनिझम’ ही संस्था उभी राहिली. तिचे सभासद सतराव्या शतकाच्या आधीचे एखादे आयुष्य उसने घेतात. त्या काळचे शिवण, स्वयंपाक, नाच आणि लढाई शिकतात, आणि त्या आयुष्याला शोभेल असे नाव घेतात. नावाची नोंदणी होते. त्यासाठी खास अधिकारी असतात आणि ते पुरावा मागतात: हे नाव त्या भाषेत, त्या काळात माणसाला ठेवलेले कुठे सापडते?

माझी एक मावसबहीण बरीच वर्षे तिकडे आहे. शिवणाचा तिला नाद आहे, त्यामुळे ती या मंडळींत ओढली गेली. यादवांच्या राज्यातली, तेराव्या शतकातली बाई व्हायचे तिने ठरवले आणि मला लिहिले, “ताई, तू जुनी भाषा वाचतेस, नाव सुचव.” सोबत तिची यादी होती : देवयानी, मृण्मयी, शाल्मली.

यादी पाहून मला हसू आले, पण चूक तिची नव्हती. संस्कृत म्हणजे जुने, असे आपल्या कानाला वळण आहे. दूरदर्शनवरच्या ऐतिहासिक मालिकांतल्या दासीदेखील मंजिरी नाहीतर चारुलता असतात. देवयानी महाभारतातली आहे, म्हणजे जुनी आहेच; पण पोथीत असणे वेगळे आणि पैठणच्या एखाद्या घरात चुलीपुढून कुणी त्या नावाने हाक मारणे वेगळे.

इंग्रजीत याची उलटी बाजू प्रसिद्ध आहे. जो वॉल्टन या कादंबरीकार बाईंनी तिला ‘टिफनी प्रॉब्लेम’ असे नाव दिले. टिफनी हे नाव ऐकले की डोळ्यांपुढे आजची अमेरिकन मुलगी येते. प्रत्यक्षात ते ‘थिओफानिया’चे बोलीतले रूप आहे आणि मध्ययुगात सहा जानेवारीच्या सणाला जन्मलेल्या मुलींना ठेवले जाई. कादंबरीत वापरले तर वाचक म्हणेल, लेखकाने अभ्यास केलेला नाही. आपल्याकडची टिफनी म्हणजे निर्मळा. हे नाव मला १९५०च्या सुमाराच्या पुण्यातल्या शाळेच्या हजेरीपटावरचे वाटते. पण चोखामेळ्याच्या बहिणीचे नाव निर्मळा होते, आणि चोखोबा गेले १३३८मध्ये.

कानावर भरवसा नाही म्हटल्यावर कागदाकडे वळावे लागते, आणि कागदाची खोड अशी की तो लिहिणाऱ्याच्या भाषेत बोलतो. इंग्लंडमधले कारकून लॅटिनमध्ये लिहीत. ज्याला घरी जॅक म्हणत, तो दफ्तरात योहानेस झाला. मॉड ही मटिल्डा झाली. पुष्कळ बायकांची तर नावेच नाहीत, नुसते ‘जॉनची बायको’. आमच्याकडे ते काम संस्कृतने केले. यादवांच्या ताम्रपटात राजा जैत्रपाल असतो, बोलण्यात जैतुगी. कोरीव लेखातला कृष्ण लोकांचा कान्हर असतो. राजांची निदान दोन्ही रूपे उरली. बाकीच्यांचे काय?

बाकीच्यांसाठी एक पुस्तक आहे. चक्रधरस्वामींच्या आठवणींचे ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटाने १२७८च्या सुमारास सिद्ध केले. महानुभाव परंपरा सांगते की मूळ प्रत पुढे धामधुमीत हरवली आणि शिष्यांनी पाठांतरातून ती पुन्हा उभी केली. त्यात राजे थोडे. बाजार, मठ, नदीचे घाट, भिक्षा आणि जेवणे फार. आणि नावे! महदाइसा, आबाइसा, उमाइसा, देमाइसा, आऊसा, बाइसा. नागदेवाचा ‘भटोबास’ होतो. खुद्द चक्रधर भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरपाळदेव. ‘चक्रधर’ हे नाव त्यांना रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंनी दिले. माणसाला जन्मभर एकच नाव असते ही समजूत शाळेच्या दाखल्याची आहे, तेराव्या शतकाची नव्हे.

ही नावे उरली त्यामागे एक भांडण आहे, आणि अनुवादक म्हणून मला ते फार जवळचे वाटते. केशोबास हा विद्वान शिष्य संस्कृतात रचना करू लागला तेव्हा नागदेवाने त्याला अडवले. कारण साधे होते : संस्कृतात लिहिलेस तर आमच्या म्हाताऱ्या बायका वंचित होतील. एरवी आपण ही गोष्ट वाचकांच्या हक्काची म्हणून सांगतो. मला ती नावांचीही वाटते. संस्कृतात महदाइसेची ‘महदंबा’ होते. ते रूप आपल्याकडे आहेच, आणि वाङ्मयाच्या इतिहासात ते मानाने वावरते. ‘धवळे’ रचणारी ती आद्य कवयित्री महदंबा. पण गोविंदप्रभूंच्या पुढे बसून जिने ते गायले, तिला हाक ‘महदाइसा’ अशीच पडत होती.

मग मी बहिणीला ही यादी पाठवली. तिला पहिल्याच झटक्यात निर्मळा आवडले; उच्चारायला सोपे, अर्थही छान. इथे मी थांबले. संस्थेच्या फॉर्मवर जातीचा रकाना नाही, पण तेराव्या-चौदाव्या शतकातले नाव तो रकाना स्वतःच भरते. महदाइसा म्हटले की ब्राह्मण विधवा आली. दामाशेटी म्हटले की शिंपी-वाण्यांची पेठ आली. बंका, कर्ममेळा, सोयरा, निर्मळा या नावांमागे गावाबाहेरची वस्ती आहे. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्या घरात कुणीतरी मुलीला निर्मळा म्हटले आणि सुनेचे नाव सोयरा, म्हणजे नात्यातले माणूस. हा योगायोग असेल. मला तो तसा वाटत नाही. पंढरपूरला चोखोबांची समाधी आजही देवळाच्या महाद्वाराबाहेर आहे.

मी बहिणीला म्हटले, नाव खरे आहे, काळ जुळतो, पुरावाही देता येईल. पण आपल्या आजोळच्या सोवळ्यात निर्मळेला उंबऱ्याच्या आत घेतले नसते. आणि तू ते नाव लावून मेजवानीच्या पंगतीत मधोमध बसणार. तिने दोन दिवस उत्तर दिले नाही. मग लिहिले, “नको. ते माझ्या अंगावर कपड्यासारखे दिसेल.” कपडे शिवणारी बाई हे बोलली म्हणून मी ते मुकाट्याने ऐकले.

शिवणावरूनच पुढचा रस्ता सापडला. नामदेव, ज्यांची पदे गुरू ग्रंथ साहिबातही आहेत, जातीने शिंपी. त्यांच्या घरातली नावे अभंगांतून जवळजवळ हजेरीसारखी मिळतात : आई गोणाई, बायको राजाई, बहीण आऊबाई, मुलगे नारा, विठा, गोंदा, म्हादा. मुलांची पूर्ण नावे नारायण, विठ्ठल, गोविंद, महादेव असणार, पण तशी कुणी वापरली नाहीत. मराठीत नावाचे शेपूट माणसाची पायरी सांगते. तोच नारा श्रीमंतीत नारोबा होतो, दप्तरात नारोपंत. नुसते नाव, पुढे मागे काही नाही, असे फक्त आईच्या आणि मालकाच्या तोंडी. आणि त्याच घरातली जनी. तिने तर आपली ओळखच नामयाची दासी अशी लावली.

या अभंगांच्या हाती असलेल्या वह्या नामदेवांनंतर पुष्कळ काळाने लिहिलेल्या आहेत, हे मी बहिणीला आधीच सांगितले होते. पण ‘आऊ’ला दुहेरी आधार होता. नामदेवांच्या घरी आऊबाई, लीळाचरित्रात आऊसा. दोन परंपरा, दोन जाती, मूळ एक. तिला ते पटले. संस्थेच्या नियमाने नावाला दुसरा भाग हवा. आडनाव नावाची वस्तू त्या काळी नव्हती. कुलकर्णी, देशमुख ही कामे होती. नवऱ्याच्या नावाने ओळखले जायला ती तयार नव्हती, म्हणून गाव उरले. पैठण तिने स्वतः निवडले, अर्थात तिथल्या कापडासाठी.

नाव पाठवल्यावर नोंदणीच्या मंडळींतून एका गृहस्थांचा प्रश्न आला. तो अगदी मुद्द्याचा होता आणि बहिणीने तो तसाच माझ्याकडे धाडला. शब्दकोशात ‘आऊ’चा अर्थ आई असा दिलेला आहे, तेव्हा हे नाव आहे की नाते?

मी दीड पान उत्तर लिहिले. कोकणी ‘आवय’ लिहिली, जिजाऊ लिहिली. बाइसेचे मूळ नाव नागूबाई होते, पण सगळ्या ग्रंथात ती ‘बाई’ या शब्दालाच ‘सा’ जोडून वावरते आणि तरी ती कोण हे ओळखायला वाचकाला क्षणभरही अडचण येत नाही, हेही लिहिले. गोणाई, राजाई, लाडाई. यांतली आई काढली तर काय उरते, असे विचारले. आमच्या भाषेत बायकांची अर्धी नावे नात्यांचीच आहेत आणि पुरुषांची अर्धी ‘बा’, ‘आबा’, ‘अप्पा’ यांवर संपतात. नाव कुठे संपते आणि नाते कुठे सुरू होते ही रेघ तुमच्या फॉर्मला हवी आहे, तेराव्या शतकाला ती नको होती, असे एक वाक्य घातले. बहिणीने ते वाक्य जरा मऊ करून पुढे पाठवले.

उत्तर यायचे आहे. दरम्यान तिथल्या मैत्रिणी तिला आऊ म्हणू लागल्या आहेत, आणि तिचा आठ वर्षांचा मुलगाही.