मुरलीकांत पेटकर : एका विक्रमाची उपेक्षा

बलाची उपासना आमच्या समाजास नवीन नाही. वऱ्हाडापुरते बोलावयाचे तर हिवरखेडासारख्या गावापासून अमरावती शहरापर्यंत मारुतीचे देऊळ आणि त्याच्या आसऱ्याचा आखाडा ही जोडी आमच्या वाडवडिलांनी लोकजीवनाचे अंगच मानली. 1914 साली वैद्य बंधूंनी अमरावतीस सुरू केलेल्या आखाड्यातून श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले आणि 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी त्याच्या खेळाडूंनी आपले देशी खेळ परकीयांस करून दाखविले, हा इतिहास येथील वाचकांस सांगावयास नकोच. परंतु या परंपरेत बलवान पुरुषाची एक मूर्ती कायमची ठरून गेली. रुंद छाती, भरदार मांड्या आणि जमिनीत रोवल्यासारखे पाय ! तिच्यात न बसणारा बलवान समोर आला तर तो आम्हांस ओळखता येत नाही. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांच्या बाबतीत हेच घडले, आणि ते थोडेथोडके नव्हे, सेहेचाळीस वर्षे घडत राहिले.

पेटकरांचा जन्म 1944 सालचा, पेठ-इस्लामपूरचा. हा मुलूख कुस्तीचा. तेथून कऱ्हाड जवळच आणि कऱ्हाडला लागूनच गोळेश्वर. त्या गावच्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविले; स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या वेळी पेटकर सात-आठ वर्षांचे होते. पुढे ते सैन्यात शिरले. विद्युत व यांत्रिकी अभियांत्रिकी दलात कारागिराच्या हुद्द्यावर असताना त्यांनी मुष्टियुद्धात नाव काढले. येथवरचा वृत्तान्त आखाड्याच्या मूर्तीशी जुळणारा आहे. 1965 च्या युद्धात मात्र त्यांच्या शरीरात गोळ्या शिरल्या, त्या नऊ होत्या असे सांगतात, आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. मुष्टियोद्धा संपला. वयाला अद्याप एकविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

येथे थोडे विषयांतर करणे भाग आहे. कारण यापुढील कथेची मुळे इंग्लंडात आहेत. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावी लागलेले लुडविग गुटमन हे ज्यू मज्जातज्ज्ञ 1939 साली इंग्लंडात आले. 1944 साली स्टोक मँडव्हिल येथे पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांसाठी विभाग उघडण्यात आला व तो त्यांच्याकडे सोपविण्यात आला. असा रोगी बहुधा अंथरुणावरच झिजून मरावयाचा, अशी तोवरची समजूत होती. गुटमन यांनी रोग्यांस खेळावयास लावले. करमणूक म्हणून नव्हे. ज्या स्नायूंत अद्याप जीव आहे त्यांच्याकडून गेलेल्या स्नायूंचे काम करवून घेण्याची ती चिकित्सा होती. 29 जुलै 1948 रोजी, म्हणजे लंडनच्या ऑलिंपिकचा प्रारंभ झाला त्याच दिवशी, त्यांनी रुग्णालयाच्या आवारात सोळा जणांचा धनुर्विद्येचा सामना भरविला. 1960 साली रोम येथे त्याचेच जागतिक स्पर्धेत रूपांतर झाले. आज या स्पर्धांस पॅरालिंपिक म्हणतात.

पेटकरांच्या वाट्यास पोहणे आले तेही उपचार म्हणूनच. मुंबईच्या नौदल रुग्णालयात दिवस काढलेला हा मनुष्य पाण्यात उतरला आणि तेथे पायांवाचून अडत नाही, असे त्यास आढळले. तथापि तो केवळ पोहण्यापुरता राहिला नाही. 1968 साली तेल अवीव येथील स्पर्धेत तो टेबल टेनिस खेळला आणि पहिली फेरी जिंकला. भाला, चाकांच्या खुर्चीची अडथळ्यांची शर्यत, सारे काही त्याने हाताळले. हे वैविध्य हौसेचे दिसते खरे. आमच्या मते त्यामागे वेगळे कारण असावे. एक शरीर गमावलेला मनुष्य उरलेल्या शरीराची सीमा कोठवर आहे हे एकेक खेळ घेऊन मोजून पाहत होता. परदेशी जाण्यास पैसा लागे. त्या कामी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेचे साहाय्य झाले, हे कृतज्ञतापूर्वक नमूद केले पाहिजे.

1972 च्या ऑगस्टात हायडेलबर्ग येथे ही स्पर्धा भरली. म्युनिकचे ऑलिंपिक त्यानंतर त्याच महिन्याच्या 26 तारखेस सुरू झाले. एकाच देशात, एकाच वर्षी हे दोन्ही उत्सव झाले असता अपंगांस म्युनिकमध्ये जागा मिळाली नाही. तेथील खेळाडूंची घरे पुढे खाजगी रहिवाशांस द्यावयाची ठरली होती. असो. पन्नास मीटरच्या मुक्तशैलीच्या शर्यतीत, तिसऱ्या वर्गात, पेटकरांनी 37.33 सेकंदांत अंतर कापून सुवर्णपदक जिंकले आणि त्या वर्गातील जागतिक विक्रम केला. वाचकांनी क्षणभर गणित करून पाहावे. हा वेग ताशी पाच किलोमीटरांच्या आतबाहेर पडतो. धडधाकट मनुष्य रस्त्याने जरा लगबगीने चालतो तेवढा. म्हणजे ज्याचे पाय गेले तो निव्वळ दंडांच्या जोरावर पाणी कापीत आपल्या चालीने चालला होता. भालाफेकीच्या दोन प्रकारांत व खुर्चीच्या शर्यतीतही त्याने अंतिम फेरी गाठली.

आणि मग काय झाले ? काहीच झाले नाही. पेटकर पुण्यास टेल्कोच्या कारखान्यात नोकरी करीत राहिले. अर्जुन पुरस्कारासाठी त्यांनी मागणी केली, ती फेटाळण्यात आली. 2008 साली बीजिंग येथे अभिनव बिंद्रा यांनी नेमबाजीत सुवर्णपदक मिळविले, तेव्हा भारतीयाचे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक म्हणून देशभर आनंदोत्सव झाला. ऑलिंपिकपुरते ते विधान यथार्थच होते आणि बिंद्रांच्या यशास त्याने कोणताही उणेपणा येत नाही. तथापि छत्तीस वर्षांपूर्वीच्या हायडेलबर्गची त्या वेळी कितीजणांस आठवण झाली ? नोंद नव्हती म्हणावे तर तसेही नाही. निकालपत्रात नाव, देश व वेळ स्पष्ट छापलेली होती. ती वाचणारी दृष्टी आम्हांजवळ नव्हती. खेळाडू म्हटला की तो शाबूत शरीराचा, आणि अपंग म्हटला की तो दयेचा विषय, अशी आम्ही मनात दोन खाती घालून ठेवली होती. पेटकरांचे पदक दुसऱ्या खात्यात पडले.

खाशाबांचीही उपेक्षा झाली, पण तिची जात निराळी होती. त्यांच्या पदकाचे मोल लोकांस कळत होते; सरकारदरबारी त्याची दाद लागली नाही. 1984 साली ते अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावे 2000 साली, मृत्यूनंतर, आला. पेटकरांच्या पदकाचे मोल मुळी लोकांसच कळले नाही. दोघांची गावे एकमेकांच्या इतकी निकट असावीत, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे.

2018 साली पेटकरांस पद्मश्री मिळाली. 2024 च्या जूनमध्ये त्यांच्या आयुष्यावरील ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट निघाला आणि 17 जानेवारी 2025 रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांस जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार देण्यात आला. दफ्तरात अर्धशतक पडून राहिलेली गोष्ट पडद्यावर येताच सात महिन्यांत मार्गी लागली, हे पाहून चित्रपटाचे कौतुक करावे की दफ्तराविषयी खेद मानावा, हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा प्रश्न होय.

मध्यंतरी दृष्टी पालटत होती, याचा पुरावा विदर्भातच सापडतो. नागपूरचे विजय मुनीश्वर हे अपंगांच्या शक्तिउचल स्पर्धेतील खेळाडू. या प्रकारात खेळाडू बाकावर उताणा निजतो, वजनाची सळई छातीपर्यंत खाली आणतो आणि हात ताठ करून वर लोटतो. पायांस तेथे काम नाही. आमच्या आखाड्यात दगडी गोटा खांद्यावर घेणाऱ्याचा अर्धा जोर मांड्यांत असे. येथे सारा भार छातीवर, खांद्यांवर व दंडांवर. पेटकरांस नाकारलेला अर्जुन पुरस्कार मुनीश्वरांस 2000 साली मिळाला. आणि तेच बल दुसऱ्यांस शिकविल्याबद्दल 2020 साली त्यांस द्रोणाचार्य पुरस्कार देण्यात आला. तो दिला गेला तेव्हा हायडेलबर्गच्या सुवर्णपदकाचा मानकरी अर्जुन पुरस्काराविनाच होता.