आत्मविश्वास येतो कोठून? : पालवणकर बाळूंची साक्ष

मुलगा सामन्यात कच खाऊ लागला की पालक म्हणतात, ‘मन घट्ट कर.’ मन घट्ट होते कशाने, याचे एक उत्तर पुण्याच्या क्रीडा-इतिहासात सापडते.

पालवणकर बाळू चर्मकार समाजातले. वडील लष्करी नोकरीत. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या सामानावर बाळू आणि धाकटे भाऊ शिवराम क्रिकेट शिकले. १८९२च्या सुमारास पुण्यातील युरोपियनांच्या क्लबात बाळूंना महिना चार रुपयांवर काम मिळाले. खेळपट्टीवर रोळ फिरवायचा, जाळी बांधायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. कॅप्टन ग्रेगसारखा कसलेला फलंदाज रोज समोर असे. आपल्याला बाद केल्याबद्दल तो बाळूंना आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. फलंदाजी मात्र त्यांना तेथे एकदाही मिळाली नाही.

आपला चेंडू कोणालाही चकवू शकतो, हा बाळूंचा विश्वास या शेकडो तासांतून आला. तो कोणाच्या शाबासकीवर उभा नव्हता, म्हणूनच पुढचे अपमान त्याला हलवू शकले नाहीत. पुण्याच्या हिंदू संघाने वादावादीनंतर त्यांना घेतले. मैदानावर चेंडू सर्वांनी हाताळला, पण चहाच्या वेळी त्यांना बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खानपान का नको, असे न्यायमूर्ती रानड्यांनी सुनावल्याचे सांगतात.

१९११च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. १९२०मध्ये त्यांना संघातून वगळले आणि कर्णधारपदासाठी विठ्ठल व शिवराम या भावांनाही डावलले, तेव्हा या दोघांनी जाहीर निवेदन काढून सामन्यावर बहिष्कार घातला. त्यानंतर बाळू संघात परतले, तेही उपकर्णधार म्हणून. १९२३मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघ जिंकला.

बाळू टिकले म्हणून अपमान पचवणे हीच खंबीरता, असा अर्थ काढणे अन्यायाचे होईल. सरावाने त्यांना बळ दिले. न्याय मिळण्यासाठी मात्र भावांना संघाबाहेर उभे राहावे लागले. आजच्या प्रशिक्षकाकडे दोन्ही गोष्टी असतात : मुलासमोर तुल्यबळ प्रतिस्पर्धी उभा करणे आणि संघात त्याला बरोबरीची जागा देणे. पहिली देऊन दुसरी नाकारायची आणि वर ‘मन घट्ट कर’ म्हणायचे, हा उपदेश पोकळ आहे.