किर्लोस्करवाडी
किर्लोस्करवाडी : महाराष्ट्र राज्याच्या सांगली जिल्ह्यातील (ता. पलूस) एक औद्योगिक वसाहत. ती सांगलीच्या वायव्येस पुणे–मिरज लोहमार्गावर वसली आहे. पश्चिमेस कृष्णा व पूर्वेस येरळा या नद्यांमधील हा भाग कमी पावसाचा असून १९१० पूर्वी येथे निवडुंगाने भरलेला माळ व कुंडल रोड हे लहानसे स्थानक यांपलीकडे काही नव्हते. येथे स्थानक आधी आणि गाव नंतर झाले.

नांगर बनविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांना नगरपालिकेच्या आदेशामुळे बेळगावची जागा सोडावी लागली. त्याच सुमारास, १९०९ मध्ये, औंध संस्थानच्या गादीवर आलेले बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना ही ३२ एकर जमीन व १०,००० रुपयांचे कर्ज दिले. औंधचा मुलूख सातारा जिल्ह्याच्या ब्रिटिश हद्दीत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला होता आणि कुंडलचा भाग हा त्यांतील एक. ही जमीन शेतीस निरुपयोगी असली, तरी लोहमार्गालगत होती. कच्चे लोखंड आणणे व अवजड नांगर पाठविणे यांसाठी तेच महत्त्वाचे होते.

निवडुंग तोडून व सापांचा उपद्रव सोसून मोजक्या कुटुंबांनी येथे वस्ती केली. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर इत्यादींनी कारखान्याबरोबरच गावाचीही घडी बसविली. लोखंडी फाळाने जमीन नासते, हा शेतकऱ्यांचा समज हळूहळूच दूर झाला. पहिल्या महायुद्धात परदेशी माल येईनासा झाल्याने मागणी वाढली. मात्र लोखंड व कोळसा यांची टंचाई भासली. शिक्षा भोगून आलेल्यांना रखवालीचे काम देणे व अस्पृश्यता न पाळणे, या गोष्टी त्या काळच्या मानाने धाडसाच्याच म्हटल्या पाहिजेत. शंकरराव किर्लोस्करांनी येथूनच १९२० मध्ये किर्लोस्कर खबर हे मासिक (पुढे किर्लोस्कर) व १९३० मध्ये स्त्री हे मासिक सुरू केले. एवढ्याशा वाडीचे नाव मराठी घराघरांत पोहोचले ते नांगराइतकेच या मासिकांमुळे. त्यांची कार्यालये पुढे पुण्यास गेली.

महात्मा गांधींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या जाळपोळीत कारखान्याचे मोठे नुकसान झाले. तो पुन्हा उभारण्यात आला. त्याच वर्षी औंध संस्थान विलीन होऊन वसाहतीचा राजाश्रय संपला. १९४९ मध्ये ती दक्षिण सातारा जिल्ह्यात आली. १९६० मध्ये या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. संस्थानच्याच आश्रयाने कऱ्हाडजवळ वाढलेली ओगलेवाडी ही काचकारखान्याची वसाहत मात्र सातारा जिल्ह्यात राहिली. किर्लोस्करवाडीत आता मुख्यत्वे पाण्याचे पंप तयार होतात.