नागपूरचा पागलखाना आणि लोकांचें भय

आमच्या नागपुरांत एखाद्याचें बोलणें विसंगत वाटलें, कीं ‘ह्याला पागलखान्यांत नेऊन टाका’ असें लोक सहज बोलून जातात. अशाच प्रसंगीं मुंबईकर ठाण्याचें नांव घेतो आणि पुणेकर येरवड्याचें. तिन्ही ठिकाणीं मनोरुग्णांचीं मोठीं सरकारी रुग्णालयें आहेत, व तिन्ही ठिकाणीं त्या रुग्णालयाच्या नांवाची शिवी होऊन बसली आहे. ज्याला ताप आला त्यास ‘तूं मेयोंत जा’ म्हणून कोणी हिणवीत नाहीं. परंतु ज्याची झोंप उडाली, ज्यास अन्न गोड लागेनासें झालें, किंवा ज्यास नसलेले आवाज ऐकूं येऊं लागले, त्यास डॉक्टराचें दार दाखविणें हाच अपमान समजला जातो. असें कां व्हावें? सुशिक्षितांकडून ह्या प्रश्नाचें ठरीव उत्तर मिळतें तें असें, कीं लोक अडाणी आहेत, भुताखेतांवर त्यांचा विश्वास आहे, म्हणून ते उपचारास जात नाहींत. आमच्या मतें हें उत्तर अर्धेंच खरें आहे. उरलेलें अर्धें उत्तर त्या रुग्णालयांच्या इतिहासांत सांपडतें, आणि तें आमच्या शहरापुरतें तरी शोधून पाहण्यासारखें आहे.

तिसऱ्या रघूजी भोसल्यांच्या मृत्यूनंतर १८५४ सालीं इंग्रजांनीं नागपूरचें राज्य खालसा केलें. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला. आणि त्यानंतर तीनच वर्षांनीं, म्हणजे १८६४ सालीं, नागपुरास वेड्यांचें इस्पितळ निघालें. नव्या राजवटीनें ह्या शहरांत उभारलेल्या अगदीं आरंभींच्या संस्थांपैकीं ही एक होय. तिचा कारभार ज्या कायद्यानें चालावयाचा, तो १८५८ चा छत्तिसावा कायदा. भटकणाऱ्या अथवा धोकादायक भासणाऱ्या वेड्यास पोलिसानें पकडावें, मॅजिस्ट्रेटापुढें उभें करावें, मॅजिस्ट्रेटानें डॉक्टराच्या साहाय्यानें त्याची तपासणी करावी आणि हुकूम लिहून त्यास आंत पाठवावें, असा त्या कायद्याचा क्रम होता. वाचकांनीं हा क्रम नीट ध्यानांत घ्यावा. पोलीस, मॅजिस्ट्रेट, हुकूम आणि कुलूप ह्या पायऱ्या चोरासही चुकत नव्हत्या. डॉक्टर ह्या क्रमांत होता खरा, परंतु दाराशीं त्याचें काम दाखला देण्याचें होतें. तेव्हां सामान्य जनांनीं त्या इमारतीकडे तुरुंगाचें भावंड म्हणून पाहिलें, तर त्यांनीं अडाणीपणानें पाहिलें असें म्हणतां येणार नाहीं.

पुढें १९१२ च्या कायद्यानें थोडी सुधारणा केली. आपण होऊन येणाऱ्या रोग्यास आंत घेण्याची सोय त्यांत होती. परंतु त्यासाठीं देखील संस्थेच्या दोघां अधिकृत निरीक्षकांची लेखी संमति लागत असे. १९२० च्या सुमारास ‘लुनॅटिक अ‍ॅसायलम’ हें नांव मागें पडून ‘मेंटल हॉस्पिटल’ असें नांव देण्यांत आलें. पाटी बदलली, पण लोकांच्या तोंडचा शब्द बदलला नाहीं, कारण दाराची कडी पूर्वीप्रमाणेंच बाहेरून लागत होती. १९१२ चा हा कायदा स्वराज्यांतही चालू राहिला. त्याची जागा घेणारा १९८७ चा कायदा प्रत्यक्ष अमलांत यावयास १९९३ साल उजाडलें. ज्या गोष्टीस सरकारनें सवाशें वर्षें बंदोबस्ताचा विषय मानलें, ती लोकांनीं एकदम आरोग्याचा विषय मानावी, अशी अपेक्षा करणें न्यायाचें नव्हे.

अज्ञान हेंच एकमेव कारण असतें, तर साक्षर देशांत हें भय आढळावयास नको होतें. येथें रशियाचें उदाहरण बोधप्रद आहे. तेथें वेड्यांच्या इस्पितळास बोलीभाषेंत ‘पिवळें घर’ म्हणतात, व तो शब्दही आमच्या ‘पागलखान्या’सारखाच चेष्टेचा आणि भीतीचा आहे. सोव्हिएत राजवटींत निरक्षरता जवळजवळ नाहींशी झाली, उपचार फुकट मिळूं लागले. तरीही सामान्य रशियन मनुष्य मनोविकाराच्या दवाखान्याची पायरी चढण्यास कचरत असे. ह्याचें कारण उघड होतें. दवाखान्याच्या नोंदवहींत एकदां नांव चढलें, कीं मोटार हांकण्याचा परवाना किंवा विशिष्ट नोकऱ्या मिळण्यास तें आड येई. त्याहून भयंकर गोष्ट ही, कीं जनरल ग्रिगोरेंको ह्यांच्यासारख्या सरकारशीं मतभेद असलेल्या शहाण्या माणसांस वेडे ठरवून कोंडण्यांत आलें. ज्या खास इस्पितळांत असे लोक ठेवीत, तीं १९८८ पर्यंत आरोग्यखात्याकडे नसून गृहखात्याकडे होतीं. ह्या प्रकाराबद्दल जगभर निषेध होऊं लागला, तेव्हां १९८३ सालीं सोव्हिएत मनोविकारतज्ज्ञांची संस्था जागतिक संघटनेंतून बाहेर पडली. अशा देशांतील लोकांनीं डॉक्टरापेक्षां मित्रापाशीं मन मोकळें करणें पसंत केलें, तर त्यांस अडाणी कोण म्हणेल?

आतां पुन्हां आमच्या पागलखान्याच्या फाटकाशीं येऊं. कामठी येथें १८६१ सालीं जन्मलेले व कांहीं काळ पलटणींत नोकरी केलेले ताजुद्दीन नांवाचे एक गृहस्थ १८९२ च्या ऑगस्टांत ह्या पागलखान्यांत दाखल करण्यांत आले. सुमारें १६ वर्षें ते तेथें होते. १९०८ सालीं राजे रघूजीराव भोसले ह्यांनीं सरकारास जामीन देऊन त्यांस बाहेर आणलें आणि आपल्या शक्करदऱ्याच्या वाड्यांत ठेवून घेतलें. हेच नागपूरचे सुप्रसिद्ध ताजुद्दीन बाबा. १९२५ सालीं ते निवर्तले. उमरेड रस्त्यावरील ताजबागेंत त्यांच्या दर्ग्यापाशीं आजही हिंदु व मुसलमान दोघेही माथा टेकतात. बाबांचे चरित्रकार सांगतात, कीं ते पागलखान्यांत असतांनाच त्यांच्या दर्शनास लोकांची रीघ लागत असे. बाबा संत होते कीं रोगी होते, ह्या वादांत आम्ही शिरत नाहीं. आमचें लक्ष फाटकाबाहेर उभ्या असलेल्या लोकांकडे आहे. ज्या वास्तूच्या नुसत्या नांवानें माणसें दचकत, तिच्याच दाराशीं तीं आपण होऊन आलीं, कारण आपलें दुःख ऐकून घेणारें कोणीतरी आंत आहे अशी त्यांची खात्री होती. तेव्हां दुःख बोलून दाखविण्यास आमचे लोक नाखूष होते, असें ह्या घटनेवरून तरी दिसत नाहीं.

वऱ्हाडास तर ही गोष्ट नवीनही नव्हती. तेराव्या शतकांतील ऋद्धिपूरचे गोविंदप्रभु ह्यांच्या विक्षिप्त वागण्याच्या कथा महानुभावांनीं भक्तीनें जतन केल्या आहेत. लोक त्यांस वेडे म्हणत आणि आपलीं गाऱ्हाणीं घेऊन त्यांच्याकडेच जात. परंतु ह्या परंपरेचें कौतुक करतांना तिची दुसरी बाजू झांकून ठेवणें बरोबर होणार नाहीं. एकाच्या वेडांत देवत्व पाहिलें गेलें, पण इतर असंख्यांच्या वांट्यास अंगारे, गंडेदोरे आणि भगताचा मार आला. तामिळनाडूंतील एरवाडी येथें दर्ग्याच्या आश्रयानें चाललेल्या एका खाजगी निवाऱ्यास ६ ऑगस्ट २००१ रोजीं आग लागली, तेव्हां साखळदंडांनीं बांधलेले २८ मनोरुग्ण पळूं न शकल्यामुळें प्राणांस मुकले. महाराष्ट्रानें २०१३ सालीं जादूटोणाविरोधी कायदा करून भूत उतरविण्याच्या नांवाखालीं होणारी मारहाण गुन्हा ठरविली, हें अत्यंत योग्य झालें. मात्र कायद्यानें भगताचें दार बंद केलें, तरी त्याच गांवीं दुसरें दार उघडें असावयास हवें. नाहींतर रोगी घरांतच कोंडला जातो.

आणि घरांत कोंडण्याची कारणें तितकीच व्यवहारी आहेत. मुलाच्या किंवा मुलीच्या मनाचा आजार बाहेर फुटला, तर तिचेंच नव्हे, तर तिच्या धाकट्या बहिणीचेंही लग्न अडतें, हें प्रत्येक आईला ठाऊक असतें. १९५५ च्या हिंदु विवाहकायद्यानें तर मनोविकारास विवाहाच्या अटींत व घटस्फोटाच्या कारणांत स्थान दिलें. साध्या अपस्मारासही विवाहाच्या आड येणाऱ्या गोष्टींत गणलें होतें, आणि तें कलम काढून टाकावयास १९९९ साल लागलें. जी आई मुलीस रात्रीच्या वेळीं दूरच्या शहरांतल्या डॉक्टराकडे नेते व शेजारणीस ‘मावशीकडे गेलों होतों’ म्हणून सांगते, ती भित्री असेल, पण मूर्ख नाहीं. समाज काय करील ह्याचा तिचा अंदाज बहुधा बरोबर असतो, आणि त्या समाजांत आम्ही व आमचे वाचक दोघेही आलों.

मग ह्यास उपाय काय? उपदेशानें फारसें साधेल असें आम्हांस वाटत नाहीं. २०१५-१६ सालीं १२ राज्यांत झालेल्या राष्ट्रीय पाहणींत असें आढळलें, कीं मनाच्या बहुतेक आजारांत १०० पैकीं ७० किंवा त्याहून अधिक रोग्यांस उपचार मिळतच नव्हते. आमच्या शेजारचीं मध्यप्रदेश व छत्तीसगड हीं राज्यें त्या १२ मध्यें होतीं. हें चित्र निराशाजनक खरें. परंतु आमच्याच विदर्भांत त्याला छेद देणारा एक प्रयोग झाला आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं हा प्रदेश हादरला असतां, अमरावती जिल्ह्यांतील ३० खेड्यांत ‘विश्राम’ नांवाचा एक उपक्रम चालविण्यांत आला. गांवांतल्याच कार्यकर्त्यांनीं घरोघर जाऊन मनाच्या आजाराविषयीं बोलावें, प्रशिक्षित समुपदेशकानें रोग्याशीं निवांत बसून त्याचें ऐकावें, आणि गरज पडेल तेव्हां मनोविकारतज्ज्ञानें औषध द्यावें, अशी त्याची साधी रचना होती. आरंभीं उदासीनतेच्या आजारानें ग्रासलेल्या १०० लोकांपैकीं जेमतेम ४ जण कोणाची तरी मदत घेत होते. दीड वर्षानंतर हें प्रमाण २७ वर गेलें. हा निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. लोक तेच होते, खेडींही तींच होतीं, त्यांचे देव आणि भगतही तेच असले पाहिजेत. मदत मात्र पोलिसाच्या हातून न येता शेजाऱ्याच्या हातून आली.

हीच गोष्ट आम्हांस ह्या सर्व इतिहासाचें सार वाटते. २०१७ च्या नव्या मानसिक आरोग्य कायद्यानें उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरविला, रोग्यास साखळदंडानें बांधण्यास मनाई केली, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखालीं असावा असें गृहीत धरण्यास सांगितलें. १८५८ च्या कायद्याशीं ताडून पाहतां हें स्थित्यंतर लहान नव्हे. परंतु कायद्याची भाषा बदलली म्हणून लोकांच्या आठवणी लागलीच बदलत नाहींत. नागपूरच्या त्या रुग्णालयांत आज ९४० खाटांची सोय आहे, आणि तेथें बरे होणारेही पुष्कळ आहेत. पण ज्याला बरें होऊन घरीं परतावयाचें, त्यास घरच्यांनीं दार उघडलें पाहिजे. बरे झालेले रोगी घरच्यांनीं न नेल्यामुळें रुग्णालयांतच पडून राहतात, ह्या प्रश्नांत २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयास लक्ष घालावें लागलें, ही आम्हां सर्वांस लाज आणणारी गोष्ट आहे. मनोविकाराच्या डॉक्टरास ताप-खोकल्याच्या डॉक्टराशेजारीं, त्याच तालुक्याच्या दवाखान्यांत, त्याच चिठ्ठीच्या रांगेंत बसवावें. आणि आपण आपल्या तोंडून ‘पागलखाना’ हा शब्द शिवी म्हणून निघूं देऊं नये. पहिलें काम सरकारचें आहे. दुसऱ्यास कोणाच्याही हुकुमाची गरज नाहीं.