मावळातील शैलगृहे

इंग्लंडात सुट्टीच्या दिवशी चार स्नेही मिळून खेड्यापाड्यांतील जुनी चर्चे पाहत हिंडण्याची हौस पुष्कळांना असते. सगळेच प्रार्थनेसाठी जातात असे नाही. जुना दगड, निवांतपणा आणि दोन घटका विचार, एवढ्यासाठीही जातात. आम्हां पुणेकरांना या हौसेपायी मळवली स्टेशनावर उतरले की पुरे. रुळांच्या एका अंगाला कार्ले, दुसऱ्या अंगाला भाजे. आणि पायांत बळ उरलेच तर पवनेच्या खोऱ्यात बेडसे.

चर्चशी केलेली ही तुलना आमची नव्हे. एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसनने कार्ल्याचा चैत्य नॉर्विचच्या कॅथीड्रलमधील एका भागाशी ताडून पाहिला होता. सुमारे १२४ फूट लांबीचे दालन, दोहो बाजूंना खांबांच्या ओळी, टोकाला अर्धवर्तुळ, आणि वेदी असावी तेथे स्तूप. साम्य खरेच आहे. पण त्यात फार रमू नये. चर्चचा गवंडी पायापासून वर चढतो, आपला पाथरवट छतापासून खाली उतरला. बांधकामातला चुकला दगड बदलता येतो. कोरताना फुटलेला खांब कोठून बदलणार?

पाथरवट हे सारे शिकला मात्र सुताराकडून. भाज्याचा चैत्य इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. त्याचे खांब आत कललेले आहेत. लाकडी घरात छपराचा रेटा पेलण्यासाठी खांब असे कलते रोवीत. डोंगराच्या पोटात रेटा कसला? तरी सवय सुटली नाही. पुढे कार्ल्यास खांब सरळ उभे राहिले, तरी छताला लाकडी कमानी बसवल्याच. त्यांना काहीही पेलायचे नाही. आणि लोणावळ्याच्या पावसाळी हवेत त्या एकोणीसशे वर्षे टिकून आहेत!

खेडूत यांना पांडवांची कामे म्हणतात, शहरी माणूस राजांची म्हणतो. कार्ल्याचे शिलालेख निराळेच सांगतात. उषवदाताने एक गाव दिल्याचा लेख आहे खरा. पण चैत्य पुरा केला तो वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने, आणि हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम, अशी फुशारकी कोरूनही ठेवली. आम्हांला ती क्षम्य वाटते. दाराचे दान धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या गंध्याचे, काम तेथल्याच सामी सुताराचे. खांब देणाऱ्यांत यवन आहेत. वेदिकेचा काही भाग एका भिक्षुणीचा. बेडशाच्या लेण्यातले दान नाशिकच्या श्रेष्ठीपुत्राचे. कोकणातील बंदरांचा माल बोरघाटाने वर चढत होता, त्या पैशातून ही लेणी झाली.

घाट चढून माणसे आजही येतात. चैत्याच्या दाराशीच एकवीरेचे देऊळ आहे, आणि चैत्रात कोळी मंडळी वाजतगाजत पालख्या आणतात. या गलबल्याने शांतता मोडते, अशी तक्रार आमच्यातले काही स्नेही करतात. आम्हांला ती पटत नाही. भूतपालाच्या काळी येथे भिक्षू राहत, यात्रेकरू येत, दाते नावे कोरवून घेत. तेव्हा तरी हा डोंगर मुका कोठे असेल?

ज्यांना निखळ निवांतपणाच हवा त्यांनी बेडशास जावे, आणि सकाळी जावे. ते पूर्वाभिमुख आहे. कार्ल्याचे तोंड पश्चिमेला. तेथे तिसऱ्या प्रहरानंतर गेले, तर पिंपळपानी गवाक्षातून आलेले ऊन स्तूपापर्यंत पोचते.