वाघोबा: लाकडात कोरलेला देव जपायचा, म्हणजे नेमकं काय करायचं?

मीरा रोडच्या पूर्वेला इमारतींच्या मागे दिसणारे डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे आहेत. काशिमीरा, चेणे भागात शहर थेट या जंगलाला भिडतं. तिथे बिबट्या दिसला की काही मिनिटांत व्हिडिओ व्हायरल होतो आणि खाली प्रश्न येतो, "याला कधी पकडणार?" पण याच पट्ट्यातले वारली लोक पिढ्यान् पिढ्या या प्राण्याला एक जागा देत आलेत. त्या जागेवर बसतो तो वाघोबा.

वाघोबा म्हणजे कोण?

वाघोबा किंवा वाघदेव हा वाघरूपातला देव. वारलींप्रमाणेच महादेव कोळी, ठाकर अशा समाजांतही तो पुजला जातो. इथे 'वाघ' या शब्दात पट्टेरी वाघ आणि बिबट्या दोन्ही येतात. म्हणूनच पट्टेरी वाघ या भागातून नाहीसा झाला, तरी वाघोबा राहिला.

त्याची गोष्ट गावागणिक बदलते. गाभा साधारण असा: बाईच्या पोटी जन्मलेला मुलगा वाघाचं रूप घेतो आणि गुरं मारू लागतो. गाव चिडतं. शेवटी आई मध्ये पडते आणि तोडगा निघतो. वाघाने जंगलात राहायचं आणि गावाने वर्षातून एकदा त्याचा मान द्यायचा.

हा मान दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला दिला जातो. शहरात ज्या दिवशी वसुबारस असते, त्याच सुमारास पाड्यावर भगत पूजा करतो, कोंबडं-बकरं दिलं जातं आणि गाव एकत्र जेवतं.

त्याची मूर्ती कशी असते?

अनेक ठिकाणी मूर्ती म्हणजे जमिनीत उभा रोवलेला लाकडी फळा किंवा दगड. त्यावर वाघ, वर सूर्य-चंद्र, कुठे नाग, कुठे माणसं कोरलेली असतात. त्यावर शेंदूर चढतो. देवळाला भिंती असतीलच असं नाही, झाडाखालची जागाही पुरते.

अडचण लाकडाची आहे. सागवान टिकाऊ असलं तरी उघड्यावर चार महिने पाऊस, मग ऊन आणि वाळवी. शेंदराचे थर चढत गेले की कोरीव काम बुजत जातं. त्यामुळे आज काही ठिकाणी सिमेंटची रंगवलेली मूर्ती किंवा फरशी लावलेलं छोटं देऊळही दिसतं.

कायद्याचाही फारसा आधार नाही. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार अशी वस्तू 'पुरावस्तू' ठरायला किमान 100 वर्षं जुनी असावी लागते. उघड्यावरचं लाकूड तेवढं टिकणंच कठीण.

मग संग्रहालयात ठेवायचं का?

याच प्रश्नाला कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हैदा लोकांनीही तोंड दिलंय. रेड सीडर म्हटल्या जाणाऱ्या प्रचंड झाडांमधून ते उंच खांब कोरतात, त्यांना टोटेम पोल म्हणतात. हे खांब पूजेचे नसतात. त्यावर घराण्याची चिन्हं आणि कथा कोरलेल्या असतात.

1862 च्या देवीच्या साथीत हैदांची गावंच्या गावं ओस पडली. पुढे सरकारने त्यांच्या समारंभांवर बंदी घातली, ती 1951 पर्यंत टिकली. अनेक खांब दूरच्या संग्रहालयांत गेले. खांब वाचले, पण नवे कोरणं जवळपास थांबलं. 1969 मध्ये 22 वर्षांच्या रॉबर्ट डेव्हिडसनने मॅसेट गावात खांब उभा केला, तो तिथे कित्येक दशकांनंतरचा पहिला होता. तिथून कोरीवकामाला नवा जोर आला.

स्गांग ग्वाय या ओस पडलेल्या गावाला 1981 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिथले जुने खांब आजही जागेवरच आहेत. हैदा राखणदार भोवतीची झाडी आवरतात, पण खांब कधीतरी मातीत मिसळणार हे त्यांनी स्वीकारलंय.

वाघोबाला हे कसं लागू होतं?

लाकूड कुजणारच. खरा प्रश्न असा की पुढचा फळा कोरायला कुणी आहे का, आणि तो रोवायला जागा आहे का?

2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघरच्या वारली भागात वाघोबाची 150 हून अधिक ठिकाणं नोंदवली. म्हणजे ही प्रथा जिवंत आहे. पण पाडा उठून दूरच्या इमारतीत गेला, तर वाघोबा मागे राहतो. 2006 च्या वनहक्क कायद्यात रूढीने चालत आलेल्या हक्कांना मान्यता आहे. हे ठिकाण आणि तिथे जायची वाट, दोन्हींसाठी हा कायदा महत्त्वाचा ठरतो.

वाघोबा पुजला म्हणून बिबट्या कुणावर हल्ला करत नाही, असं मात्र नाही. गुरं गेली की वारली कुटुंबालाही फटका बसतो, रागही येतो. फरक एवढाच की जंगलात त्याचाही वाटा आहे, हे तिथे आधीच मान्य केलेलं असतं.

ट्रेकला वाघोबा दिसला तर काय कराल?

मूर्ती हलवू नका. कोरीव काम 'नीट दिसावं' म्हणून शेंदूर खरवडू नका. फोटोआधी पाड्यावर विचारा. आणि ठिकाण थोडं आडबाजूला असेल, तर लोकेशन टॅग करायची घाई नको.