खबर, हद्द आणि विश्वास : तासगाव परिसरातील पोलीस-जनता संबंधांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

संकटसमयी पोलिसांना दूरध्वनी करणे ही आज सर्वसामान्य बाब मानली जाते. परंतु दूरध्वनीचा क्रमांक हे केवळ साधन आहे. ते साधन वापरावे असे नागरिकास वाटणे, ही त्यामागील खरी अट होय. नागरिक पोलिसांना खबर केव्हा देतो, केव्हा देत नाही आणि साहाय्य कोठे थांबवावे, हे प्रश्न ऐतिहासिक स्वरूपाचे आहेत. प्रस्तुत लेखात तासगाव व त्याच्या परिसराच्या संदर्भात या प्रश्नांचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

खबर नाकारणारा समाज : १९४२ ते १९४६

ब्रिटिश काळात तासगाव हा सातारा जिल्ह्याचा तालुका होता. सन १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्यान्वये गुन्ह्याची वर्दी देण्याची जबाबदारी पोलीस पाटलावर होती. सरकारचे गावातील कान व डोळे म्हणजे हा पाटील होय. मात्र १९४२ च्या चले जाव आंदोलनाने ही व्यवस्था मुळापासून हादरली. दि. ३ सप्टेंबर १९४२ रोजी तासगावच्या मामलेदार कचेरीवर निघालेला मोर्चा शांततेत पार पडला व कचेरीवर तिरंगा फडकला. त्यानंतर अवघ्या आठवडाभरात, ९ सप्टेंबरला वडूज येथे व १० सप्टेंबरला इस्लामपूर येथे मोर्चांवर गोळीबार होऊन आंदोलक हुतात्मा झाले. यानंतर चळवळ भूमिगत झाली आणि १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले.

नाना पाटील १९४६ पर्यंत ब्रिटिश पोलिसांच्या हाती लागले नाहीत. याचे प्रमुख कारण असे की, त्यांचा ठावठिकाणा माहीत असणारी माणसे गावोगाव असूनही खबर बाहेर गेली नाही. कायद्याचे बंधन होते, शिक्षेचे भय होते, तरीही जनतेने मौन पाळले. दुसरे कारण हद्दीचे होते. तासगाव तालुक्यालगतचे कुंडल हे औंध संस्थानातील गाव होते. संस्थानी हद्दीत ब्रिटिश पोलिसांचा अधिकार सरळ चालत नसे. भूमिगतांना याचा मोठा आधार झाला. विश्वास आणि हद्द या दोन गोष्टींवर पोलीस यंत्रणेचे यश अवलंबून असते, हे या कालखंडावरून स्पष्ट होते.

या इतिहासाची दुसरी बाजूही लक्षात घेणे आवश्यक आहे. प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळांनी गावातील तंटे सोडविले, सावकारी व दरोडेखोरीला आळा घातला. त्याचबरोबर तळपायावर मार देण्यासारख्या शिक्षाही दिल्या गेल्या. परकीय सत्तेने न्यायाची दारे बंद केली असताना जे घडले, ते त्या परिस्थितीच्या संदर्भातच समजून घ्यावे लागते. स्वतंत्र राष्ट्रात मात्र खबर देणारा आणि शिक्षा देणारा एकच असू शकत नाही.

स्वातंत्र्योत्तर व्यवस्था

सन १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन तासगाव दक्षिण सातारा जिल्ह्यात समाविष्ट झाले. १९६० मध्ये या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ अन्वये पोलीस पाटील हे पद वंशपरंपरेऐवजी नियुक्तीचे झाले. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनेही विशिष्ट गंभीर गुन्ह्यांची माहिती देणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरविले. परंतु कायद्याने कर्तव्य सांगता येते, विश्वास निर्माण करता येत नाही. ठाण्याची पायरी चढू नये, ही लोकभावना दीर्घकाळ टिकून राहिली.

दूरध्वनीचा अभाव हीदेखील मोठी अडचण होती. सन १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट संस्थेने ग्रामीण भागासाठी लहान स्वयंचलित केंद्रे विकसित केल्यानंतरच खेड्यांत दूरध्वनीचा प्रसार वेगाने झाला. तोपर्यंत पोलिसांचा १०० हा क्रमांक प्रामुख्याने शहरांपुरताच उपयुक्त होता.

तंटामुक्त गाव मोहीम

या पार्श्वभूमीवर दि. १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम महत्त्वाची ठरते. मोहिमेचे प्रवर्तक, तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील हे तासगाव तालुक्यातील अंजनी गावचे होते आणि १९९० पासून ते तासगावचे विधानसभेत प्रतिनिधित्व करीत होते. ज्या परिसराने न्यायदान मंडळे पाहिली, त्याच परिसरातील नेत्याने गावातील तंटे गावातच मिटविण्याची कल्पना शासकीय चौकटीत आणावी, हे लक्षणीय आहे. ग्रामसभेने निवडलेली समिती, पोलीस पाटील व बीट अंमलदार यांना एकत्र बसविल्यामुळे पोलीस आणि ग्रामस्थ यांचा परिचय गुन्हा घडण्यापूर्वीच होऊ लागला.

या मोहिमेच्या मर्यादाही होत्या. कायद्यानुसार केवळ तडजोडपात्र गुन्हेच आपसात मिटविता येतात. गावाच्या नावलौकिकासाठी किंवा पारितोषिकासाठी दुर्बलांवर, विशेषतः स्त्रियांवर, तडजोडीचे दडपण येण्याचा धोका अशा रचनेत असतो. तंटा मिटणे आणि तक्रार दडपली जाणे यांतील भेद सातत्याने जपावा लागतो.

एक क्रमांक, एक यंत्रणा

आणीबाणीच्या स्वतंत्र क्रमांकाची कल्पना लंडनमध्ये जन्मली. १९३५ मधील विम्पोल स्ट्रीटवरील आगीत पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. त्या वेळी वर्दी देणारा दूरध्वनी केंद्राच्या रांगेत अडकून पडला होता. त्यातून १९३७ मध्ये ९९९ हा क्रमांक सुरू झाला. भारतात पोलीस १००, अग्निशमन १०१ व रुग्णवाहिका १०२ असे वेगवेगळे क्रमांक होते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, तर २०२१ पासून ११२ हा एकत्रित क्रमांक कार्यान्वित झाला. नवी मुंबई व नागपूर येथील केंद्रांत आलेली मागणी जिल्हा नियंत्रण कक्षामार्फत जवळच्या पोलीस वाहनाकडे जाते. बालकांसाठी १०९८ आणि आर्थिक सायबर फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक आहेत.

दि. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कोठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात त्याची माहिती देता येते. प्रत्यक्ष गुन्हा करताना आढळलेल्या व्यक्तीस विशिष्ट परिस्थितीत नागरिक पकडू शकतो. परंतु तिला सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन करणे बंधनकारक आहे. अर्थात, हद्दीची जुनी अडचण कायद्याने दूर केली आणि साहाय्याची मर्यादाही आखून दिली.

नागरिकाचे साहाय्य म्हणजे मुख्यतः अचूक खबर होय. घटनेचे ठिकाण, स्वरूप, जखमींची स्थिती सांगणे आणि दूरध्वनी मध्येच बंद न करणे, एवढ्यानेही वेळ वाचतो. वाडीवस्तीवर घरक्रमांक नसतात. तेथे देऊळ, शाळा, ओढा, द्राक्षबाग अशी खूण मोलाची ठरते. याउलट खोटा दूरध्वनी खऱ्या संकटग्रस्ताची वाट अडवितो.

निष्कर्ष

तासगाव परिसराचा हा इतिहास असे दर्शवितो की, खबर ही सक्तीने मिळत नाही. १९४२ नंतर जनतेने ती नाकारली, कारण सत्ता आपली नव्हती. आज सत्ता आपली आहे, हद्दीचा अडसर कमी झाला आहे आणि क्रमांक प्रत्येकाच्या हातातील यंत्रात आहे. शिल्लक राहतो तो विश्वासाचा प्रश्न. खबर देणाऱ्यास सन्मानाने वागविणे हे पोलिसांचे आणि संशयितास शिक्षा न देता कायद्याच्या स्वाधीन करणे हे नागरिकांचे कर्तव्य होय. या दोहोंपैकी एक जरी ढळले, तरी ११२ हे तीन अंक निरुपयोगी ठरतील.